अस्वलशेठांना हवा होता जाणकार

मुलांनो, एका जंगलात अस्वलशेठ मधाचा व्यापार करीत. व्यापार सिंहाइतका मोठा नव्हता, सशाइतका लहानही नव्हता. आकार मध्यम होता. अहंकार मात्र पूर्ण मापाचा.

वखारीत एक संगणक होता. साऱ्या मागण्या त्यावर येत. शेठ दर खंडेनवमीला त्याला हळदकुंकू वाहत, आणि वर्षभर त्याला हात लावण्याची मुभा एकट्या साळिंदरबाईंना असे.

एके दिवशी साळिंदरबाई सिंहाच्या कचेरीत रुजू झाल्या. चैत्राची जत्रा महिन्यावर आली होती. वर्षाचा अर्धा मध तिथेच खपे.

बरण्या भरणारी खार पुढे आली.

"शेठ, बाईंचे काम मी सहा वर्षे पाहते आहे. पंधरा दिवस शिकायला धाडा. जत्रा मी सांभाळीन."

"आणि शिकलीस की तूही सिंहाकडे! मी काय धर्मशाळा काढली आहे? बरण्या भर!"

एवढे बोलून शेठ सरस्वतीच्या तसबिरीपुढे बसले. डोळे मिटून म्हणाले, "माते, एक जाणकार धाड." मागे खार बरण्या भरीत होती.

मग झाडोझाडी जाहिरात लागली. अनुभव पंधरा वर्षांचा हवा. संगणक जंगलात येऊनच नऊ वर्षे झाली होती. वेतन बरणीवाल्यांइतकेच.

घुबड आले. वेतन ऐकून दिवसाढवळ्या उडाले. अखेर कावळा आला, चोचीत अकरा प्रमाणपत्रे घेऊन.

"यंत्र चालवता येते ना?"

"शेठ, शिक्के तरी मोजा!"

शेठांनी शिक्के मोजले. कावळा नेमला गेला. त्याच दिवशी खारीने नोकरी सोडली.

चौथ्या दिवशी कावळा हर्षाने ओरडला, "यंत्र जड झाले होते शेठ, सगळे पुसून टाकले. पाहा कसे पळते!"

जत्रेच्या साऱ्या मागण्या पुसल्या गेल्या होत्या. कोणाला किती मध द्यायचा, हे कोणालाच ठाऊक नव्हते. गिऱ्हाइकांनी दोन दिवस वाट पाहिली आणि सिंहाच्या दुकानातून मध नेला. शेठांच्या बरण्यांना मुंग्या लागल्या.

शेठ मात्र खचले नाहीत. त्यांनी आपल्यासारख्याच मध्यम व्यापाऱ्यांची परिषद भरवली. कोल्हा, रानडुक्कर, तरस, सारे आले. शेठ अध्यक्षपदावरून गहिवरून म्हणाले, "या जंगलात गुणी माणूसच उरला नाही!"

टाळ्या थांबेनात. बाहेर चहा देणाऱ्या सतरा खारी त्या ऐकत उभ्या होत्या.

तात्पर्य: तहान लागली तरी विहीर खणू नये. पाणी कसे दुर्मिळ झाले, यावर परिषद घ्यावी. घसा कोरडा असला की भाषण अधिक करुण होते.