सुकाणू, प्राणायाम आणि एक घडा नीरा

"योगाने दारू सुटत नाही, हे मी चाळीस दिवसांत सप्रमाण सिद्ध करून दाखवीन!"

हे वाक्य मी आगरदांड्याच्या धक्क्यावर, चारचौघांसमोर, १९५७ सालच्या आषाढात उच्चारले. त्या वेळी मी पूर्ण शुद्धीत होतो. हा तपशील एरवी कोणी लिहीत नाही. पण माझ्या बाबतीत तो लिहून ठेवणे हितावह आहे.

मी हायस्कुलात रसायनशास्त्र शिकवतो. जे मोजता येत नाही त्यावर मी विश्वास ठेवत नाही, आणि जे मोजता येते ते मोजल्याशिवाय सोडत नाही. आमच्या गावात दिनानाथपंत नावाचे निवृत्त पोस्टमास्तर आहेत. नोकरीत असताना ते कुठल्याशा आश्रमात योग शिकून आले, आणि निवृत्तीनंतर रोज पहाटे देवळाच्या सभामंडपात व्यसनी माणसांना श्वास शिकवू लागले. राज्यात दारूबंदी होती. त्यामुळे गावात पिणारा अधिकृतपणे एकही नव्हता. पंतांकडे मात्र सात जण येत.

त्यांतला सातवा धर्माजी. पलीकडच्या दिघीला उतारू नेणाऱ्या मोठ्या मचव्याचा तो तांडेल, म्हणजे सुकाणू धरणारा. मागच्या होळीला त्याने पिऊन मचवा थेट खाजणात चढवला आणि चौदा उतारू, दोन बकऱ्या व एक वरपक्ष गुडघाभर चिखलात उतरवला. या तरीचे, म्हणजे उतारू वाहतुकीचे, ठेकेदार येसाजीशेठ यांनी तेव्हाच बजावले होते, "नारळी पुनवेला मचवा पाण्यात जाईल. तवर सुधारलास तर सुकाणू तुझा. एकदा जरी पोलिसाचं नि तुझं नाव एका वाक्यात आलं, तर पुन्हा मचव्याला हात लावायचा नाय!"

"मास्तर, तुमी शिकलेले," धर्माजीची बायको बायजा मला म्हणाली. "पंतांच्या त्या नाक दाबण्यानं ह्याची सुटंल का वो?"

"नाही सुटणार," मी म्हणालो. "पण नाही सुटणार हे शास्त्रशुद्ध रीतीने समजले पाहिजे."

तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, ती नजर मोजण्याचे साधन माझ्याजवळ नव्हते.

दुसऱ्या दिवसापासून मी पहाटे पाचला वही, घड्याळ आणि चमचा घेऊन देवळात हजर! चमचा कशाला, असे पंतांनीही विचारले. पद्धत अशी: चमचा पाण्याने काठोकाठ भरायचा, धर्माजीने तो धरून दहा पावले चालायचे, आणि सांडलेले थेंब मी मोजायचे. हाताच्या कंपाचे याहून स्वस्त माप जगात नसेल. पहिल्या दिवशी आकडा लिहिताच आला नाही. तिसऱ्या पावलाला चमचा रिकामा होता.

पंत समोर बसून शांतपणे सांगत, "तलफ आली की तिच्याशी भांडू नका. बसा. श्वास घ्यायला जेवढा वेळ, त्याच्या दुप्पट सोडायला. ती येईल, वाढेल आणि ओसरेल."

"किती मिनिटांत?" मी विचारले.

"तुम्ही वही मिटलीत तर लवकर."

धर्माजीला मात्र हे चटकन समजले. "म्हंजे लाट आली की बोट आडवी न्हाय घ्यायची," तो म्हणाला. "तिला नाळ दावायची, समोरनं. मग ती खालनं जाते."

नाळ म्हणजे बोटीचे पुढचे टोक. उपमा सुरेख होती. पण उपमेला एकक नसते, म्हणून मी ती वहीत घेतली नाही.

विसाव्या दिवशी एकोणीस थेंब. तिसाव्याला सहा. पस्तिसाव्याला दोन! माझ्या सिद्धान्ताची प्रकृती दिवसेंदिवस खालावत होती. मी चमचा बदलून पाहिला, एक थेंब. मी चिडलो, पण आकडा प्रामाणिकपणे लिहिला.

या काळात गावात काहीतरी शिजत होते, ते माझ्या उशिरा ध्यानात आले. शेजारच्या गोदूबाई आमच्या घरी ताकाचा गडवा घेऊन आल्या आणि सौभाग्यवतीच्या पाठीवरून हात फिरवीत राहिल्या.

"अहो," त्या गेल्यावर ही मला म्हणाली, "त्या मला धीर कसला देत होत्या?"

"कसला?"

"म्हणाल्या, शिकलेल्या माणसाला लागली की सुटायला वेळ लागतो, पण तुझा नवरा रोज पहाटे जातो हेही थोडं नाही!"

मी पोट धरून हसलो. ही हसली नाही.

नारळी पौर्णिमा जवळ आली तशी बायजा पुन्हा माझ्याकडे आली. मचवा पाण्यात लोटताना तांडेलाने नाळेवर माडीची धार सोडायची आणि उरलेला पहिला घोट स्वतः घ्यायचा, अशी त्यांची जुनी, बंदीतही चोरून पाळलेली चाल. माडी म्हणजे माडाचा आंबलेला रस. घोट नाकारला तर बोट रुसते.

"चाळीस दिस राखलंय मास्तर, नि त्या एका घोटानं सारं जाईल," ती म्हणाली.

"मुळीच नाही!" मी छातीवर हात ठेवून म्हणालो. "माडीऐवजी नीरा वापरू. तोच रस, पण ताजा. मद्याचा अंशही नाही. परवान्याच्या केंद्रातून मी स्वतः आणतो. हमी माझी!"

नीरा केंद्र पहाटे पाचला उघडते आणि सूर्य वर आला की बंद होते. पौर्णिमेची भरती दुपारी साडेबाराला. हे दोन्ही आकडे माझ्या वहीत एकाखाली एक लिहिलेले होते. वजाबाकी तेवढी करायची राहिली!

मी घडा सायकलला बांधून आणला आणि मचव्याच्या फळीवर ठेवला. श्रावणातले ऊन पडले होते. अकराच्या सुमारास घड्याच्या तोंडाचे फडके टोपीसारखे फुगले.

"मास्तर, ही श्वास घेते," धर्माजी म्हणाला.

"सायकलवर हिंदकळली आहे," मी म्हणालो. आंबण्याची क्रिया मी बारा वर्षे फळ्यावर शिकवीत आलो आहे.

साडेबाराला सारा गाव किनाऱ्यावर. ढोल वाजला, नारळ समुद्राला गेला, येसाजीशेठ नवे धोतर सावरीत पुढे झाले. धर्माजीने नाळेवर धार सोडली, पेला ओठांपर्यंत नेला आणि थांबला. त्याच्या नाकपुड्या हलल्या. डोळे मिटून त्याने एक लांब श्वास सोडला. मी सवयीने घड्याळ पाहिले, चौदा सेकंद. मग त्याने पेला खाली ठेवला.

"मी न्हाय घेत."

ढोल बंद पडला. येसाजीशेठचा चेहरा लाल झाला. "नाळेचा परसाद नाकारतोस? पयल्याच दिवशी बोट रुसवतोस? मग सुकाणू दुसऱ्याच्या हातात जाईल!"

"शेठ, वास बघा," धर्माजी हळूच म्हणाला. "ही माझी जुनी वळखीची हाय."

बायजा माझ्याकडे पाहत होती. हमी माझी होती!

"अज्ञान!" मी गर्जलो आणि पुढे घुसलो. "ही शुद्ध नीरा आहे. रसायनशास्त्राचा पदवीधर सांगतो आहे! पाहा!"

"मास्तर, नका," धर्माजी म्हणाला.

मी पेला एका दमात रिकामा केला. चव किंचित आंबट होती. नीरा आंबू नये म्हणून घड्याला आतून लावतात त्या चुन्याचा परिणाम, असा मी निष्कर्ष काढला. निष्कर्ष पडताळण्यासाठी दुसरा पेला घेतला. तिसरा कशासाठी घेतला, याची नोंद सापडत नाही. जानवे बदलण्याची श्रावणी असल्यामुळे सकाळपासून पोट रिकामे होते, हे मी नम्रपणे जोडू इच्छितो.

पाचव्या मिनिटाला मला अचानक वजाबाकी सुचली. साडेबारा वजा पाच! साडेसात तास! उन्हात!

"थांबा!" मी ओरडलो. "मित्रहो, ही माडी आहे! साखरेवर किण्वाची क्रिया होऊन अल्कोहोल आणि कर्बवायू! फडके का फुगले? कर्बवायू! कोण सांगेल समीकरण? मागच्या बाकावरचे बोला!"

मागच्या बाकावर समुद्र होता. मी नाळेवर चढलो आणि ओल्या बोटाने फळीवर समीकरण लिहू लागलो. डावी बाजू जमली. उजवी बाजू लिहिताना बोट संपली.

मी गुडघाभर पाण्यात उभा होतो, आणि समोर बंदोबस्ताचे जमादार. त्यांनी माझ्या तोंडाचा वास घेतला, मग घड्याचा.

"हा घडा कुणाचा? कुणासाठी आणलाय?"

माझ्या तोंडात खरे उत्तर तयार होते. शास्त्राचा माणूस, खरेच बोलतो. तांडेलासाठी आणला! एवढे म्हटले असते तर जमादाराने धर्माजीचे नाव वहीत घेतले असते, आणि पोलिसाचे नि त्याचे नाव एका वाक्यात आले असते. बायजाने पदराचे टोक दातांत धरले होते.

डोके गरगरत होते. पण त्या दिवसात मी अचूक मोजलेली गोष्ट हीच.

"माझा," मी म्हणालो. "माझ्यासाठीच आणला. या कोणाचा काही संबंध नाही."

"मास्तर, तुम्ही पिता?"

मी उत्तर देण्याआधी गोदूबाई गर्दीतून पुढे आल्या. "पीत होते हो! पण चाळीस दिस पहाटे पंतांकडे जातायत बिचारे. सारा गाव बघतो!"

"व्हय व्हय!" गाव एका सुरात म्हणाला.

जमादार पंतांकडे वळले. पंतांनी माझ्याकडे पाहिले, धर्माजीकडे पाहिले, एक दीर्घ श्वास सोडला आणि उभ्या आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच खोटे बोलले. "माझ्याच उपचारात आहेत. यांचा एकदा तोल गेला इतकेच. उद्या पहाटे पुन्हा बसतील. मी जबाबदार."

सणाचा दिवस, शिक्षकी पेशा आणि पंतांची पांढरी दाढी पाहून जमादारांनी घडा वाळूत उपडा केला व मला ताकीद देऊन सोडले.

धर्माजीने नारळ फोडला. नारळाच्या पाण्याची धार नाळेवर सोडली, उरलेला घोट स्वतः घेतला आणि येसाजीशेठकडे पाहिले.

शेठनी वाळूतल्या ओल्या डागाला वहाणेचे टोक लावून पाहिले. "हातात पेला होता," ते म्हणाले, "नि ठेवलास खाली. जा. धर सुकाणू."

बायजा रडली. मीही रडलो, पण माझ्या रडण्यात माडीचा वाटा किती, हे वेगळे काढता येत नाही.

याला आता तीन वर्षे झाली. धर्माजी प्यायलेला नाही. कशामुळे? श्वासामुळे, पहाटेच्या सोबतीमुळे, की बायजामुळे? एका माणसावरून नियम बांधता येत नाही, हे मी आजही ठामपणे म्हणतो. योगाने दारू सुटत नाही हे मात्र मला सिद्ध करता आले नाही, हेही लिहून ठेवतो. पंतांनी जमादाराला शब्द दिला असल्यामुळे मी रोज पहाटे जातो. शाळेत मुलांवर कमी ओरडतो, असे मुख्याध्यापकांचे निरीक्षण आहे.

त्यांनीच परवा दारूबंदी सप्ताहाची छापील पत्रिका हाती दिली. पंतांचे नाव 'योगोपचार' या विषयावर, डॉक्टरांचे 'यकृत' या विषयावर. मी रसायनशास्त्रावर बोलण्याची तयारी करूनच बसलो होतो! माझे नाव सर्वांत वर, मोठ्या टाइपात होते. विषय होता 'माझा स्वतःचा अनुभव'.