सात पानी नोटीस

आमचं आरशाचं कपाट विकायचं, असा निर्णय मी एका रविवारी घेतला. (आमच्या घरात निर्णय मीच घेतो; कुठले घ्यायचे ते ही सांगते.) समोरच्या इमारतीत व्यायामशाळा चालवणारे पैलवान आले, त्यांनी नऊ हजारांचा चेक दिला आणि कपाट एकट्यानं पाठीवर घेऊन जिना उतरले.

चार दिवसांनी चेक परत आला. बँकेची चिठ्ठी सोबत होती: खात्यात पुरेशी रक्कम नाही.

"समोर जाऊन सांगा त्यांना," भाजी निवडता निवडता ही म्हणाली.

"कपाट कसं नेलं पाहिलंस ना? मी कपाटाच्या निम्मासुद्धा नाही."

"मग मी सांगते."

बायकोला पुढे करणं मला पटेना. (पटलं होतं, पण तसं म्हणता येईना.) मी वकील गाठला.

वकीलसाहेबांनी चिठ्ठी वाचली. "हे बघा, चिठ्ठी मिळाल्यापासून तीस दिवसांत नोटीस पाठवायची. ती मिळाल्यावर पंधरा दिवसांत त्यांनी पैसे दिले नाहीत, तर पुढच्या महिन्याभरात फौजदारी तक्रार. त्यात तुरुंगही होऊ शकतो. शिवाय वसुलीचा दिवाणी दावा लावता येतो, तो वेगळा."

"आणखी काही मार्ग?"

"समोरच राहतात म्हणता ना? जाऊन मागा. त्याची फी नाही."

नोटिशीची फी ऐकली आणि नोटीस स्वतःच लिहायचं ठरवलं. वीस वर्षं कचेरीत कारकुनी केलीय. साधा पंखा दुरुस्त करून घ्यायला मी चार पानी अर्ज लिहितो. (पंखा अजून बंद आहे.)

तीन दिवस मी कायद्यानं झपाटलो. सासऱ्यांनी तब्येत विचारायला फोन केला, त्यांना दिवाणी आणि फौजदारीतला फरक सांगितला. त्यांनी मध्येच "रेंज नाही" म्हणून फोन ठेवला. त्यांचा फोन घरातला, तारेचा होता. दूधवाल्याला मुदती समजावल्या. दुसऱ्या दिवसापासून तो पिशवी दाराला अडकवून, बेल दाबून पळू लागला.

अखेर नोटीस सात पानांची झाली. तिच्यात 'सबब', 'उपरोक्त' आणि 'तुमच्या जबाबदारीवर' हे शब्द मुबलक होते. पाकीट बंद करून हिच्याकडे दिलं आणि "रजिस्टर्डच कर, पोचपावती हवी" असं बजावून कचेरीत गेलो.

त्याच संध्याकाळी बेल वाजली. दारात पैलवान. मी दाराची साखळी काढली नाही.

"साहेब, माफ करा," ते घाम पुसत म्हणाले. "व्यायामशाळेचं छप्पर दुरुस्त केलं, त्यात खातं रिकामं झालं. चेक वटला नाही हे मला ठाऊकच नव्हतं. हे नऊ हजार, रोख. मोजून घ्या."

मी साखळी काढली. एवढा मोठा माणूस, आणि माझ्यापुढे मान खाली घालून उभा. कायद्याची ताकद मला त्या क्षणी उमगली.

"नोटीस मिळाली वाटतं," मी जरा खर्जात म्हणालो.

"मिळाली ना. वाचली आणि तसाच उठून मेहुण्याकडून पैसे आणले. फक्त एक विनंती आहे, साहेब. तुम्ही स्वतः तिकडे येऊ नका."

"कुठल्या पानाची भीती वाटली नेमकी?" मला राहवेना.

"पान? कागद एकच होता." त्यांनी खिशातून घडी केलेली चिठ्ठी काढून दिली. अक्षर हिचं होतं.

'भाऊजी, तुमचा चेक परत आला आहे. सवडीनं पैसे आणून द्या. फार उशीर झाला तर हे स्वतः येऊन तुम्हाला कायदा समजावून सांगतील. शंका असल्यास दूधवाल्याला विचारावे.'