आतली चूक

बायकोच्या शिवणकामाच्या दुकानाला वेबसाइट करून द्यायची, असं मी एका रविवारी ठरवलं. (मला कोणी विचारलं नव्हतं.) ऑफिसात दिवसभर हेच करतो, म्हणजे हा तर डाव्या हाताचा मळ! कपडे आखूड-सैल करून घ्यायला लोकांनी फोनवरूनच ऑर्डर द्यायची. दुकान नवं, बायकोने हौसेने साठ गिऱ्हाइकांना कळवूनही टाकलं, सोमवारी अकराला सुरू.

सोमवारी पावणेअकराला आईने स्वयंपाकघरात आपल्या फोनवर पान उघडलं.

"अरे, माप टाकायला जागाच नाही! नुसतं गोल फिरतंय!"

मी माझ्या स्क्रीनवर पाहिलं. लाल अक्षरांत ‘इंटर्नल एरर’. मला एकदम हायसं वाटलं.

"इंटर्नल म्हणजे आतली," मी बायकोला समजावलं. "ब्राउझरच्या पोटात एक इंजिन असतं, ते माझा कोड चालवतं. चूक त्याच्या आत आहे. आपण बाहेरचे."

"मग अकराला लोकांना काय सांगू?"

"थांब, इंजिनवाल्यांना खरमरीत ईमेल लिहितो."

तिचा चेहरा इतका उतरला, की मलाही वाईट वाटलं. म्हणून ईमेलमध्ये ‘बेजबाबदार’ हा शब्द दोनदा घातला आणि पाठवून दिला.

तोवर ती खुर्ची ओढून माझा कोड वाचायला लागली होती. (तिच्यावर छाप पडावी म्हणून कोडमधल्या कामांची नावं मी मराठीत दिली होती. नडलं ते तिथेच.)

"अहो, हे ‘माप घे’ काय करतं?"

"माप आलंय का बघतं. नसेल तर ‘माप विचार’ला बोलावतं."

"आणि ‘माप विचार’?"

"ते... ‘माप घे’ला बोलावतं."

"आणि गिऱ्हाइकाला कोण विचारतं?"

मी कोड वरपासून खालपर्यंत सरकवून बघितला. विचारणारं कोणीच नव्हतं.

"म्हणजे गिऱ्हाईक दारात उभं, आणि ही दोघं आत एकमेकांना हाका मारत बसलीत! इंजिन बिचारं दमणार नाही तर काय?"

तिने सांगितलं तशी मी एक ओळ बदलली: ‘माप विचार’ने आता थेट गिऱ्हाइकालाच विचारायचं. अकराला तीन मिनिटं असताना पान सुरळीत सुरू झालं. बायकोने आनंदाने टाळीच वाजवली, आणि खरं सांगतो, मलाही फार बरं वाटलं.

"तरी इंजिनाने जरा समजून घ्यायला हवं होतं," मी म्हणालो.

तेवढ्यात टिंग वाजलं. पहिली ऑर्डर!

ग्राहक: आई. वस्तू: मुलाचा तोरा. काम: आखूड करणे. माप: सूनबाई म्हणेल ते.

बायकोने हसत हसत लगेच ‘स्वीकारली’चं बटण दाबलं.