साहेबांच्या क्वार्टरातला तेरडा

साहेब, तुमच्या वनखात्याने आनंदीबाईंच्या घरची गौर उचलून नेली. भर दिवसा, सड्यावरून, म्हणजे गावच्या कातळपठारावरून, मुळासकट. हा आरोप मी नाव लावून करतो: गुरुप्रसाद भाटकर, मिरजोळे. पोटासाठी मिक्सर दुरुस्त करतो, जन्माने डिटेक्टिव्ह आहे. शाळा आठवीत सुटली, त्यानंतरची अक्कल माझी मी मिळवली, त्यामुळे तिच्यावर कुठल्याही बोर्डाचा शिक्का नाही. माझ्या नजरेतून काही सुटत नाही. बायको मृणाली म्हणते, "सुटायला आधी सापडावं लागतं." ती माझी सहायक. बिनपगारी आहे, म्हणून तोंडाळ.

तुम्ही बाहेरचे, म्हणून सांगतो. आमच्याकडे गौर म्हणजे तेरड्याची रोपं. पाणवठ्यावरून वाजतगाजत आणायची, साडी नेसवायची, पाटावर बसवायची. नव्या सुनेने तिच्यापुढे सुपं भरून वाहायची, तो ओवसा. पहिला ओवसा गौरी पूर्वा नक्षत्रात आल्या तरच होतो, आणि पूर्वा दरवर्षी येत नाहीत. आनंदीबाईंची सून अक्षया दोन गणपती थांबली होती. ओवसा झाल्याशिवाय सून घरची होत नाही, असं भावकी तिला येताजाता ऐकवत होती. यंदा पूर्वा आल्या.

आनंदीबाईंच्या देखत अक्षयाने सड्यावरच्या झऱ्यावरून तेरड्याची जुडी उचलली आणि तुमचा गार्ड नितेश उगवला. तिथे तुमचा बोर्ड आहे. सड्यावरचा रानतेरडा दुर्मीळ, तोडल्यास कारवाई. जुडी जप्त. ओढाताणीत एक रोप आनंदीबाईंच्या पदराला अडकून राहिलं, ते घेऊन त्या माझ्याकडे आल्या.

"गुरू, दिवेलागणीच्या आत सांग. हा आपला तेरडा की त्यांचा?"

मी रोप घेऊन सड्यावर गेलो. बोर्डावरचा फोटो उन्हाने इतका उडालाय की त्यात तेरडा आणि तुमचे मंत्री सारखेच दिसतात. म्हणून शेजारच्या जिवंत रानतेरड्याशी ताडून पाहिलं. तो वीतभर, पानं जोडीने समोरासमोर. आमचा गुडघाभर, पानं एकाआड एक. फुलं दोघांची गुलाबी. मी निष्कर्ष काढला.

"वेषांतर."

"तेरडा कशाला वेषांतर करील?" मृणाली म्हणाली.

"कारवाई चुकवायला."

मग बोंडं पाहिली. सड्यावरच्याचं गुळगुळीत, आमच्याचं लवदार. जास्त जवळून पाहावं म्हणून भिंग लावून बोंड दाबलं, तर ते फुटलं आणि बिया माझ्या डोळ्यात. साक्षीदाराने तपास अधिकाऱ्यावर हल्ला केल्याची नोंद मी मनात केली.

उरलेल्या डोळ्याने मुळं पाहिली. तिथे हादरलो. सडा सगळा लाल आणि मुळांना काळी माती. शिवाय निळ्या रंगाचा एक टवका.

"काळी माती म्हणजे घाटावरची. निळा टवका म्हणजे टेम्पो. टोळी आहे, मृणाली. लांज्याला हायवेवर उभा राहतो, निळे टेम्पो अडवतो."

"एका डोळ्याने?"

मी आनंदीबाईंच्या पडवीत हेल्मेट उसनं घ्यायला गेलो, तेव्हा अक्षया भरलेल्या सुपांपाशी बसली होती. सुपांतली फुलं मलूल व्हायला लागली होती. मृणालीने तिला सहज विचारलं, "रोपं आणलीस कुठनं गो?"

"गच्चीवरनं. रंगाच्या रिकाम्या निळ्या बालदीत लावलेली. बी पूर्णगडचं, आईकडचं. माती विकतची, पिशवीतली."

"मग झऱ्यावर कशी?"

"गौर पाणवठ्यावरनं आणायची ना. म्हणून सकाळी तिथे नेऊन ठेवली."

"माझे गुडघे गच्ची चढत नाहीत, मला काय ठाऊक," आनंदीबाई म्हणाल्या. "पण मेल्या गार्डाला सांगितलं का नाहीस?"

"त्यांनी बोर्ड वाचून दाखवला. गुरूभाऊजींनी पानं मोजली. मला कोणी काय विचारलंच नाय."

केस सुटली. मी सोडवली असं म्हणायला हरकत नाही, कारण सुटली तेव्हा मी जवळच उभा होतो.

सुपं घेऊन आम्ही तुमच्या ऑफिसवर आलो. सुट्टी. गेटवर नितेश.

"जुडी दे."

"ऑफिसात नाय ती."

"मग कुठे?"

"साहेबांच्या क्वार्टरात."

"तपासणीला?"

नितेश चपलेकडे बघत म्हणाला, "वहिनींना गौरीला तेरडा मिळत नव्हता."

साहेब, तुम्हीच दार उघडलंत, हातात घावनाचा तुकडा. मागे पाटावर आमचा तेरडा, हिरव्या साडीत, नथ घालून. मी आवाज चढवणार, तर आनंदीबाईंनी माझा शर्ट ओढला.

"बसलेली गौर उठवीत नाहीत. अक्षया, सुपं आण."

अक्षयाने तुमच्या घरात, आमच्या गौरीपुढे ओवसा केला. वहिनींनी तिची ओटी भरली. तुम्ही घावन तसंच धरून उभे होतात.

गौर विसर्जन झाली, पुरावा पाण्यात गेला. आता भावकी विचारते, सरकारी क्वार्टरातला ओवसा या घरचा धरायचा की खात्याचा? अक्षया पुन्हा मान खाली घालून पाणी भरते. म्हणून विचारतो. तो तेरडा दुर्मीळ होता, तर तुमच्या पाटावर कसा बसला? आणि साधा होता, तर आनंदीबाईंच्या पाटावर का बसू दिला नाहीत? ती गौर कुणाच्या घरची होती, साहेब? लेखी उत्तर द्या. भावकीला वाचून दाखवायचं आहे.