पाव्हणे नसलेलं हॉटेल

महाबळेश्वरला गेल्यावर हॉटेलात राहायचं, पाव्हण्यांकडं नाही, एवढाच निर्णय मी घेतला होता. तुम्हाला यात काही विशेष वाटणार नाही. पण आमच्या घरात लॉजवर राहणं आणि चोरून पिणं यात फारसा फरक मानत नाहीत.

आमच्या आबांचं म्हणणं असं, की महाराष्ट्रात जिथं एसटी जाते तिथं आपला पाव्हणा असतोच. फक्त शोधायला लागतो. एकदा नाशिकला मी परीक्षेला गेलो, तेव्हा आबांनी शोधून दिलेल्या पाव्हण्यांकडं उतरलो. त्यांनी चहा दिला, जेवू घातलं, गादी टाकली आणि सकाळी निघताना हात जोडून विचारलं, "आपलं नातं नेमकं कसं लागतं?" मलाही ठाऊक नव्हतं. आम्ही दोघांनी विषय बदलला.

आमचं लग्न झालं तेव्हा मी सारिकाला महाबळेश्वरचा शब्द दिला होता. (तेव्हा तरुण होतो, काहीही बोलायचो.) प्रत्यक्षात आम्ही जोडीनं जेजुरीला गेलो. जोडीनं म्हणजे आबा, आई, दोन आत्या, वाघ्या-मुरळी आणि आम्ही. त्याला नऊ वर्षं झाली. यंदा कुरकुंभच्या आमच्या केमिकल कंपनीत, जिथं मी स्टोअरला क्लार्क आहे, प्लांट मेंटेनन्सला बंद राहणार होता आणि मला सलग सुट्टी मिळाली. लेकीला, स्नेहलला, आजीकडं ठेवायचं ठरलं. सारिकाला विचारलं, "बोल, काय काय बघायचं?"

"काय न्हाई," ती भाकरी थापता थापता म्हणाली. "पॉइंट नको, घोडं नको, बोट नको. मला दोन दिवस नुसतं बसायचंय. खिडकीत. आन् 'सूनबाई' म्हणून कुणी हाक मारायची न्हाई. एवढं जमंल का?"

तिनं हे इतक्या शांतपणे विचारलं, की मला आतून कसंतरी झालं. एवढ्या वर्षांत तिनं माझ्याकडं मागितलेली ही पहिली गोष्ट, आणि तीसुद्धा बसायची. मी ठरवलं, काहीही होवो, हिला बसवायचंच.

मग हॉटेल शोधणं सुरू झालं. मी स्टोअरचा माणूस. आमच्याकडं साधा खराटा घ्यायचा तरी तीन कोटेशन लागतात. मी महाबळेश्वरच्या हॉटेलांना फोन लावून कोटेशन मागितलं. पहिल्यानं विचारलं, "किती माणसांचं लग्न आहे?" दुसऱ्यानं फोन ठेवला. मग मोबाइलवर फोटो आणि लोकांचे अभिप्राय बघायला लागलो. एकानं लिहिलं होतं, 'स्वर्ग आहे स्वर्ग.' त्याच हॉटेलाबद्दल खाली दुसऱ्यानं लिहिलं होतं, 'माकडानं चष्मा नेला, मॅनेजर हसला.' मला कुणाचं खरं मानावं कळेना. मी चष्मा लावतो.

शेवटी सारिकानं मोबाइल हातात घेतला. मी मोठ्या कौतुकानं एक मोठा बंगला दाखवला, त्यात सुसज्ज स्वयंपाकघरही होतं. तिनं माझ्याकडं असं बघितलं, की मी तो बंगला बोटानं पटकन वर सरकवला. मग एका साध्याशा हॉटेलाच्या फोटोवर ती थांबली. काचेची मोठी खिडकी, समोर दरी, एक वेताची खुर्ची.

"हितं ग्यास न्हाई," ती म्हणाली. "हेच घ्या."

आबांना सांगितलं की कंपनीनं ट्रेनिंगला पाठवलंय, फॅमिलीसकट, राहायची सोय कंपनीची. आबा नाराज झाले. "कंपनीला कुणी पाव्हणं न्हाईत व्हय?" एवढंच म्हणाले.

वाटेत गाडीत सारिकानं मला बजावलं. "हे बघा, कुणी गाव इचारलं तर पुणं सांगायचं. लगेच कुणाचं, कुठलं सुरू करायचं न्हाई. तुमची जीभ मला ठाव हाय."

"मी काय लहान आहे?" मी म्हणालो. वाई ओलांडून घाट चढताना मी ते मनात घोकतही होतो. पुणं. पुणं. पुणं.

हॉटेलच्या काउंटरवर स्वेटर आणि पांढरी टोपी घातलेले एक साठीचे गृहस्थ होते. मालकच ते, हौसराव. "या साहेब, या," म्हणून त्यांनी खोलीची किल्ली समोर ठेवली आणि आधारकार्ड मागितलं. मी दिलं. (इथं मला पुढचं दिसायला हवं होतं. आधारकार्डावर पुणं थोडंच असतं?)

"वरवंड?" हौसरावांनी चष्मा कपाळावर सरकवला. "आमचं मूळ केडगावचं की. वरवंडात कुणाचं तुम्ही, साहेब?"

सारिकानं माझ्या पायावर पाय दिला.

"तसं आम्ही... पुण्याकडंच असतो," मी म्हणालो.

"आसं व्हय. पर मळा कुठंशी येतो?"

आता तुम्हीच सांगा. आमच्या भागातल्या माणसाला मळा कुठंशी येतो म्हणून विचारलं आणि तो गप्प बसला, असं कधी झालंय का? मी म्हटलं, तलावाच्या खालच्या अंगाला. ते म्हणाले, म्हंजी फुलांची शेती असलेलं का? मी म्हटलं, हो, शेवंती आणि झेंडू. सारिकाचा पाय आता पूर्ण वजनानं माझ्या पायावर होता.

"मंग दगडाबाई तुमच्या कोण?"

"आत्या!" उचकी लागावी तसं ते माझ्या तोंडातून बाहेर पडलं.

हौसरावांनी दोन्ही हात काउंटरवर आपटले. "दगडाबाई माझ्या थोरल्या मामाची सून! मंग तू माझा भाचा की रं!"

एका वाक्यात मी साहेबाचा 'तू' झालो. त्यांनी मला मिठी मारली, पाठीवर थापा मारल्या आणि किल्ली उचलून परत खिळ्याला अडकवली.

"मामा, ती किल्ली..." मी म्हणालो.

"भाच्याला लॉजवर ठिवू? उद्या केडगावात तोंड दाखवाया जागा ऱ्हाईल का मला? घर हाय की मागं! अहो, ऐकलं का? भाचा आलाय, सूनबाईला घिऊन!"

'सूनबाई' ऐकताच सारिकाचा पाय माझ्या पायावरून निघाला. तिनं डोक्यावर पदर घेतला आणि माझ्याकडं फक्त एकदा बघितलं. ते बघणं मी इथं लिहीत नाही, कारण कदाचित हे लहान मुलंही वाचतील.

हॉटेलच्या मागं हौसरावांचं घर होतं, आणि घराचं आणि हॉटेलचं स्वयंपाकघर एकच. त्यांची बायको सरूबाई तिथं घामाघूम उभी होती. आचारी कालच भांडून गेला होता, आणि स्ट्रॉबेरीचे दिवस म्हणून वरच्या खोल्या भरलेल्या.

"बस गं बाई, तू कशाला हात लावू नको. दमून आलीयास," सरूबाई म्हणाल्या.

आणि त्या हे अगदी मनापासून म्हणाल्या. पण सासूच्या मानाच्या बाईनं 'बस' म्हटलं म्हणून बसणारी सून आमच्या तालुक्यात अजून व्हायची आहे. सारिका "असू द्या" म्हणाली, सरूबाई "राहू दे" म्हणाल्या, ही "असू द्या" म्हणाली, आणि एवढ्यात हिच्यासमोर कांद्याची पाटी आली होती. मी दारातून डोकावलो. खिडकी होती. खिडकीतून गाड्या धुवायचा हौद दिसत होता.

तेवढ्यात आबांचा फोन. आम्हाला येऊन तासही झाला नसेल, पण बातमी केडगावमार्गे वरवंडला पोचली होती.

"गोकुळ, कंपनीचं ट्रेनिंग हौसरावाकडं हाय व्हय?"

मी फोन या कानाचा त्या कानाला लावला. पण आबांचा आवाज भरून आला होता. "नाव राखलंस बघ. मला वाटलं, तू बिघडलास."

आबा एवढे खूश माझ्या नोकरीच्या वेळीही झाले नव्हते. पण मला काही त्याचा आनंद घेता येईना. आत ती कांदे चिरत होती. मी तिला दोन दिवस बसवायला आणलं होतं, आणि वरवंडातून उचलून महाबळेश्वरच्या पाटीसमोर बसवलं होतं. मी हौसरावांना सांगायला चार वेळा गेलो आणि चारही वेळा "मामा, हवा छान आहे इथली," एवढंच बोलून परत आलो.

पण मी माझ्या बायकोला ओळखलंच नव्हतं. तिचं माहेर शिरूरकडचं, आणि घोडनदीच्या बाजारात तिच्या वडिलांशी घासाघीस करून कुणी जिंकलेलं मी ऐकलेलं नाही. तिनं आणखी एक कांदा हातात घेतला आणि सहज विचारावं तसं विचारलं, "मामी, तुमचं म्हायेर कुठलं?"

"माझं व्हय? करड्याचं. शिरूर तालुक्यातलं."

"अगं बाई! मंग करड्याच्या पुतळाबाई तुम्हाला ठाव असतील."

"ठाव म्हंजी? माझी सख्खी चुलत बहीण ती! निमोण्याला दिली."

"त्या माझ्या थोरल्या चुलती," सारिका म्हणाली आणि सुरी खाली ठेवली. "त्यांनीच वाढवलंय मला."

सरूबाईंच्या हातातलं उलथनं तसंच राहिलं. मग त्यांनी उलथनं टाकलं, सारिकाला जवळ घेतलं, बाजूला केलं, परत जवळ घेतलं, आणि नवऱ्याच्या नावानं असा ओरडा केला की वरच्या मजल्यावरची गिऱ्हाइकं गॅलरीत आली.

"अहो, लेक हाय ही माझी! माझ्या बहिणीची लेक! म्हायेराला आलीया, आन् तुम्ही तिला कांदं चिराया धाडली? लाज हाय का काय?"

"मला काय ठाव?" हौसराव म्हणाले. "ती तर भाच्याकडनं आली."

"ते ऱ्हाऊ द्या तुमचं! दरीकडची किल्ली काढा आधी!"

किल्ली खिळ्यावरून निघाली. सारिकाच्या हातात आली. डोक्यावरचा पदर खांद्यावर आला. माहेरवाशिणीला कामाला लावणं म्हणजे सरूबाईंच्या लेखी पापच, तेव्हा तिची बॅगसुद्धा तिला उचलू दिली नाही. मला इतका आनंद झाला की मी टाळी वाजवली आणि तिच्या मागं जिना चढायला लागलो. कारण हिशेब सरळ होता. ती लेक, म्हणजे मी जावई! आमच्याकडं जावयाला चालायचंसुद्धा काम पडत नाही.

"तू कुठं निघालास?" हौसरावांनी माझी कॉलर धरली.

"मामा, म्हणजे काका... आता मी जावई झालो ना?"

हौसराव गंभीर झाले. गावकीच्या बैठकीत बसल्यासारखे त्यांनी डोळे मिटले, टोपी नीट केली आणि निकाल दिला. "भाचा तू आधी झालास. जावई मागनं. झालेलं नातं मोडता येतं व्हय? तू घरचाच. स्टोअरला असतोस म्हणालास ना? ये, चादरी मोज."

पुढचे दोन दिवस मी महाबळेश्वर पाहिलं. म्हणजे चादरी, उशांचे अभ्रे, गीझर आणि पाण्याचा टँकर पाहिला. लोकांच्या बॅगा उचलल्या. एका गुजराती आजींनी मला "भैया, एक्स्ट्रा रजाई" म्हणून चार वेळा खाली-वर पळवलं आणि माझ्या कामाबद्दल समाधान व्यक्त केलं. काउंटरवरचा फोन वाजला की मी घ्यायचो.

"रिसेप्शन का?"

"सारिका, मी बोलतोय."

"बरं झालं. गरम पाणी न्हाई येत हितं."

दुसऱ्या दिवशी दुपारी गीझर बघायच्या निमित्तानं वर गेलो. ती वेताच्या खुर्चीत बसली होती, पाय खिडकीच्या कट्ट्यावर, केस मोकळे. समोरच्या दरीत धुकं उतरत होतं आणि ती त्याच्याकडंही धड बघत नव्हती. नुसती बसली होती. मी दारातच थांबलो. तिचे हात रिकामे आहेत, असं मी आजवर कधी पाहिलंच नव्हतं. फार बरं वाटलं मला, आणि थोडी स्वतःची लाजही वाटली.

"या की," ती हसून म्हणाली आणि खुर्चीत सरकून जागा केली. खुर्ची एकाचीच होती, पण आम्ही मावलो. तिनं माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. "लई भारी हॉटेल शोधलंत," ती म्हणाली.

मी काही बोलणार, एवढ्यात खालून हाक आली, "गोकुळ! टँकर आला रं!"

निघायच्या दिवशी सरूबाईंनी सारिकाची ओटी भरली, साडी नेसवली, स्ट्रॉबेरीची पेटी गाडीत ठेवली आणि डोळ्याला पदर लावला. हौसरावांनी मात्र माझाच हात धरून ठेवला. "लेक काय, कवाबी येईल. पर गोकुळ, तुझ्यावानी माणूस मिळत न्हाई रं. मे म्हयन्यात हितं पाय ठिवाया जागा नसती. येशील का?"

मी सारिकाकडं मोठ्या आशेनं बघितलं. नवऱ्याला सुट्टीत राबवायचं म्हणजे काय, असं ती फाडकन विचारेल, अशी माझी खात्री होती. तिनं गाडीची काच पूर्ण खाली केली.

"काका, त्यास्नी आठवडाभर आधी धाडते," ती म्हणाली. "मी मागनं येते. खोली तेवढी त्यांच्याकडनं झाडून ठिवा."