श्रावणभाऊंचं रशियाशी भांडण

श्रावणभाऊ शेंडे बोलणं संपलं की ‘ओव्हर’ म्हणत. तेवढ्यावर थांबले असते तर ठीक होतं. पण समोरच्यानंही ‘ओव्हर’ म्हटल्याशिवाय त्याचं बोलणं संपलं असं ते मानत नसत.

मी धानोऱ्याच्या शाळेवर रुजू झालो त्या दिवशी ट्रंक ओसरीवर ठेवून शेजारच्या घरात विचारायला गेलो, की पाण्याची सोय कुठे आहे. खाकी अर्धी चड्डी, अंगात बनियन आणि हातात कसलीशी तारांची गुंतवळ घेतलेला एक काळासावळा, काटक माणूस बाहेर आला.

“विहीर मागं हाय. पाणी चांगलं हाय. दोर तुमचा लागन. ओव्हर.”

मी म्हटलं, “बरं, उपकार झाले.” आणि वळलो. तो माणूस तसाच उभा. मी पुन्हा मागे पाहिलं तरी तसाच, कान पुढे करून.

“मास्तर, झालं काय तुमचं बोलणं?”

“झालं की.”

“मंग तसं म्हणा ना! माणूस बोलता बोलता थांबला का मेला, समोरच्याले कसं समजन? तुमी शिकलेले लोक, अन् एवढी रीत नाई तुमाले?”

मी ‘ओव्हर’ म्हणालो तेव्हा कुठे ते आत गेले. पुढची सहा वर्षं मी त्यांचा शेजारी होतो. माझ्या बायकोशी बोलतानाही माझ्या तोंडून दोनदा ‘ओव्हर’ निघून गेलं आहे.

श्रावणभाऊ जातीचे ढिवर. बापजाद्यांनी तलावात जाळी टाकली. हे मात्र लढाईच्या काळात पलटणीत भरती झाले, बिनतारी संदेशाचं काम शिकले आणि ब्रह्मदेशाच्या जंगलातून कट्ट-कडकट्ट करत परत आले. येताना पेन्शन आणली नाही, बिल्ला आणला नाही, फक्त राग आणला. नागपूरला पलटणीचं मोडीत काढलेलं सामान विकत मिळे. तिथून त्यांनी एक यंत्र आणलं, दुसरं स्वतः जोडलं, आणि मोहाच्या झाडापासून घराच्या आढ्यापर्यंत उघडी तार ताणली. त्या तारेवर शेजारच्या बाया लुगडी वाळत घालत. श्रावणभाऊ ओरडत बाहेर येत, “अवो बाई, मद्रासचा माणूस बोलून राह्यला माह्याशी! त्याचा आवाज तुमच्या लुगड्यात अडकून राह्यला!” बाया लुगडं काढून झटकून पाहत आणि पुन्हा घालत.

हौशी माणसानं बिनतारी यंत्रावर बोलायचं तर सरकारी परवाना लागतो. श्रावणभाऊंनी नागपूरला जाऊन परीक्षा दिली, पास झाले, आणि मग चौकशीला जमादार आला. मी साक्षीला होतो.

“कोणाशी बोलणार तुम्ही?” जमादारानं विचारलं.

“जो बोलन त्याच्याशी.”

“तो कोण?”

“आता बोलल्याबिगर कसं सांगू तो कोण हाय ते?”

“मग कशासाठी बोलणार?”

श्रावणभाऊ लालबुंद झाले. “तुमी चावडीवर बसून दिवसभर बोलता, तुमाले कोणी विचारते का, कशासाठी बोलून राह्यले म्हणून? ओव्हर!”

जमादारानं कागदावर काय लिहिलं देव जाणे, पण सहा महिन्यांनी परवाना आला. तो त्यांनी चौकटीत लावला आणि पहिल्याच दिवशी त्याच्याशी भांडले. कारण त्यात नियम होता, की दुसऱ्या कोणाचा निरोप पाठवायचा नाही. आपसात यंत्राच्या, हवामानाच्या गोष्टी करायच्या.

“म्हणजे मद्रासवाल्याले मी विचाराचं, का बा तुमच्याकडं पाऊस हाय काय. तो म्हणन हाय. मंग मी म्हणाचं आमच्याकडंबी हाय. अन् इथी एखादी बाई अडली तर गडचिरोलीच्या डाक्टरले सांगाचं नाई! सांगतो म्हटलं तरी कोणाले सांगू? तिथी यंत्र कोणाकडं हाय? मद्रासले बोलता येते, सिलोनले बोलता येते, गडचिरोलीले नाई. हे काय शास्त्र हाय मास्तर?”

धानोऱ्याला तारेची सोय व्हावी, यासाठी ते दरवर्षी अर्ज करत. पहिला अर्ज केला तेव्हा आमचा चांदा जिल्हा मध्यप्रदेशात होता. मग राज्य बदललं, राजधानी नागपूरची मुंबई झाली. श्रावणभाऊ म्हणाले, “राजधानी पाचशे मैल सरकली. तार एक मैल नाई सरकली.” आणि नवा अर्ज मुंबईला टाकला.

विजेचंही तेच. गावात वीज नव्हती. यंत्र चाले मोटारीच्या बॅटरीवर. ती उतरली की गडचिरोलीच्या धानगिरणीत न्यावी लागे. तिथल्या इंजिनावर रात्रभर ठेवली की भरे. बॅटरीत तेजाब, म्हणून कंडक्टर ती मोटारीत घेईना. श्रावणभाऊ म्हणत, “तिकीट देऊन राह्यलो ना तिचं!” शेवटी बॅटरी टपावर आणि तिच्या शेजारी श्रावणभाऊ, अशी ती जोडी फांद्या चुकवत जाई. परत आले की त्यांच्या डोक्यात सागाची पानं आणि तोंडात बल्लारपूरचा कोळसा असे.

“आपल्या जिल्ह्याच्या पोटातला कोळसा हाय तो! वॅगनीत बसून कुठीच्या कुठी जाते, तिथी दिवे लावते. अन् आपण कंदिलाच्या काचा पुसून राह्यलो. गाय आपली, चारा आपला, अन् दूध कोणी दुसराच पिऊन राह्यला!”

माणूस असा सगळ्या जगावर चिडलेला. एकाच व्यक्तीवर त्यांचा आवाज कधी चढला नाही, ती म्हणजे त्यांची बायको, सीतावहिनी. चढवून उपयोगच नव्हता. वहिनींना ऐकू येत नव्हतं. त्या बोलत, खणखणीत बोलत; पण तोफ डागली तरी त्यांना कळलं नसतं. लिहिता-वाचता येत नव्हतं. म्हणून श्रावणभाऊंनी दोघांपुरती एक भाषा केली होती. वहिनींच्या तळहातावर बोटानं टिचक्या मारायच्या. दोन टिचक्या म्हणजे जेवण. तीन म्हणजे पाहुणा. बोट लांब ओढलं तर बाहेर जातो. आणि वहिनी पाठमोऱ्या असताना खांद्यावर एक टिचकी, म्हणजे मी आहो, दचकू नको. मी पुष्कळदा पाहिलं आहे: चावडीवर भांडण करून यायचे, ओट्यावर बसायचे आणि तेच भांडण पहिल्यापासून शेवटपर्यंत वहिनींच्या तळहातावर वाजवायचे. वहिनी मधूनच हसत आणि म्हणत, “हळू, माह्या हात दुखून राह्यला. त्या पटवाऱ्यावर चिडा ना, माह्यावर काऊन?”

सत्तावन्न सालच्या ऑक्टोबरात रशियानं आभाळात गोळा सोडला. पृथ्वीभोवती फिरणारा, माणसानं केलेला पहिला चंद्र. वर्तमानपत्र आमच्याकडे दोन दिवसांनी येई. तोवर श्रावणभाऊंनी ती बातमी यंत्रावर ऐकली होती आणि पुरेसे चिडले होते. हॉटेलच्या बाकावर फॉरेस्टचे कारकून पेपर मोठ्यानं वाचत होते, मानवाची केवढी झेप, वगैरे.

“झेप कायची?” श्रावणभाऊ कडाडले. “दर दीड तासाले आपल्या डोस्क्यावरून जाते म्हणते. काय घेऊन जाते? कोणाची चिठ्ठी घेऊन जाते? कोणाचं औषध आणते?”

“अहो, शास्त्राचा प्रयोग आहे तो,” कारकून म्हणाले.

“एवढा पैसा लावला, एवढा वर चढवला, अन् रिकामा फिरवून राह्यले! आपला डाकवाला उन्हातून पायी येते, पण त्याच्या झोळीत काई तरी असते ना! वर चाललाच हाय, तर दिल्लीवरून उचल, धानोऱ्यावर टाक. इथून उचल, बम्बईवर टाक. निरोप न्याले नाई म्हणते का तो गोळा? त्याले विचारलं काय कोणी? ओव्हर!”

कारकून पोट धरून हसले. मीही हसलो. आज आभाळातल्या यंत्रांवरूनच जगाचे निरोप जातात, तेव्हा त्या हसण्याची मला लाज वाटते.

त्याच दुपारी ते माझ्याकडे रशियाच्या सरकारला लिहायचा अर्ज घेऊन आले. “महाशय, आपला गोळा आमच्या गावावरून विनापरवानगी जात आहे. त्याबद्दल तक्रार नाही. परंतु जाता जाता टपालाचे काम करावे.” मी त्याचं इंग्रजी करून द्यायचं कबूल केलं आणि टाळत राहिलो.

पण शाळेतल्या आमच्या हेडमास्तरांना त्या गोळ्याचा आवाज ऐकायचा होता. आवाज पकडणारं यंत्र पंचवीस कोसांत एकच. श्रावणभाऊ आधी नाही म्हणाले. “त्याचा आवाज मी माह्या घरात घेणार नाई.” मग हेडमास्तर स्वतः येऊन ‘ओव्हर’ म्हणाले. तेव्हा त्यांचा नाइलाज झाला.

सकाळची वेळ ठरली. ओसरीवर माणसं मावेनात. मास्तर मंडळी, फॉरेस्टचे लोक, मोहफुलं-डिंक विकायला बाजारात आलेले माडिया सुद्धा टोपल्या ठेवून उभे. श्रावणभाऊ यंत्राच्या ऐकायच्या वाट्या कानांना लावून चकती केसभर इकडे, केसभर तिकडे फिरवत होते. खरखर, शिट्टी, पुन्हा खरखर. आणि मग ते आलं. टीप… टीप… टीप… श्रावणभाऊंनी कानाची वाटी काढून पितळी परातीत ठेवली, तसा तो आवाज सगळ्या ओसरीभर झाला. कोणी खोकेना. आभाळातून काहीतरी आपल्या गावावरून चाललं होतं आणि बोलत होतं.

मागे भिंतीशी सीतावहिनी उभ्या होत्या. सगळ्यांची तोंडं पाहत होत्या. श्रावणभाऊ उठले, त्यांच्याजवळ गेले, त्यांचा हात आपल्या हातात घेतला आणि परातीतल्या आवाजाबरोबर त्यांच्या तळहातावर एकेक टिचकी मारू लागले. एक. एक. एक. वहिनी लक्ष देऊन ऐकत होत्या. हाच शब्द बरोबर आहे, ऐकत होत्या.

आवाज बारीक होत गेला आणि विरला. वहिनी आपल्या खणखणीत आवाजात म्हणाल्या, “हे तर नुसतंच ‘मी आहो, मी आहो’ म्हणून राह्यलं! पुढं काईच नाई?”

ओसरी हसली. मला वाटलं, आता श्रावणभाऊंना बळ चढणार. रशियाचा पैसा, रिकामी फेरी, सगळं निघणार. पण ते माणसं पांगल्यावरही तारा गुंडाळत बसून राहिले.

मी म्हटलं, “वहिनींनी तुमचंच म्हणणं मांडलं की.”

“नाई मास्तर,” ते म्हणाले. “ब्रह्मदेशात दर तासाले आमी एक खूण सोडाचो. निरोप काई नसे. नुसतं, आहो आमी. तेवढं आलं का तिकडच्याले जेवण जाय.” त्यांनी तारेचं वेटोळं बाजूला ठेवलं. “इकडं हिले ताप आला. क्विनाईन पाजून पाजून कान गेले. वीस दिवस हे जग का ते जग, असं चाललं होतं. मले तीन महिन्यांनी पोस्टकार्ड भेटलं. तीन महिने मी तिथी दुसऱ्याच्या खुणा मोजून राह्यलो, अन् माह्या घरची एक नाई आली.”

इतक्या वर्षांचे ते सगळे अर्ज मला एकदम कळले.

त्या दिवसापासून रोज सकाळी गोळा जायच्या वेळेला दोघं यंत्रापुढे बसू लागले. श्रावणभाऊंच्या कानाला वाटी, वहिनींचा हात त्यांच्या मांडीवर उताणा. शिव्या चालूच होत्या. रशियाला, दिल्लीला, मुंबईला. फक्त गोळ्याला स्वतःला ते आता काही बोलत नसत.

तीनेक आठवड्यांनी मी अर्जाचं इंग्रजी करून घेऊन गेलो. पेपरात वाचलं होतं की गोळ्याच्या आतल्या बॅटऱ्या संपल्या; तो फिरतो आहे, पण मुका झाला आहे. म्हटलं, आता अर्जाचा उपयोग काय, तरी देऊन यावा.

दोघं नेहमीच्या जागी बसले होते. श्रावणभाऊंनी मला पाहिलं आणि एक वाटी माझ्याकडे दिली. मी कानाला लावली. नुसती खरखर होती. वाऱ्यानं सागाची वाळकी पानं घासावीत तशी. मी चकतीकडे पाहिलं. जागा बरोबर होती. मग त्यांच्या हाताकडे पाहिलं.

वहिनींच्या तळहातावर त्यांचं बोट चाललं होतं. एक. एक. एक. अगदी त्याच चालीनं.

“हाय ना अजून!” वहिनी समाधानानं म्हणाल्या. “मले वाटलं, एवढं फिरून थकलं असन बिचारं.”

मी म्हटलं, “भाऊ, आवाज तर केव्हाच बंद झाला.”

श्रावणभाऊंनी माझ्याकडे पाहिलं नाही. सहा वर्षांत पहिल्यांदा मी त्यांना हळू बोलताना ऐकलं.

“तिले काऊन सांगू, मास्तर?” ते म्हणाले. बोट काही थांबलं नाही.