सखाराम भाऊजींची लांबची काच

माणूस जवळ आलं की आमचे सखाराम भाऊजी म्हणायचे, "मागं सरका!" मी भाकर वाढाया गेले तरी, "वयनी, मागं सरका." सोयरा गळाभेटीला आला तरी, "मागं, अजून मागं... हां, आता बराबर दिसून राहिले."

हे खूळ लागलं त्या काचेपायी. भाऊजी माझे दीर. माझा मालक पटकीनं गेला, यांची बायको बाळंतपणात गेली. तिच्यामागं राहिली लेक, तुळसा. तिला म्याच न्हाऊमाखू घालून वाढवलं. ती सासरी गेली अन् घर खायाला उठलं.

मंग हिंगोलीच्या एका फोटूवाल्यानं दुकान मोडलं. भाऊजी बैल घेऊन बाजाराला गेले अन् तीन पायाची घोडी, लाकडी डबा, काळं फडकं अन् हाताएवढी लांब पितळी नळी घेऊन आले.

"बैल कुठंय?"

"हाच तो. लांबची काच म्हणतात हिला, वयनी. नदीपल्याडचं अंगणात आणते!"

त्या साली दुसऱ्या बैलाच्या जोडीला जुवाखाली मी खांदा दिला. खांद्याची साल निघाली. तेल लावलं अन् पुन्हा उभी राहिले. पेरणी काय थांबते का?

भाऊजीला शिकवाया कोणी न्हाई. पयला फोटू पाटलाचा, पार मारुतीच्या देवळापासून काढला. नुसती पगडी आली.

"सख्या, माझं तोंड कुठं गेलं रे?"

"तोंड तर गाव रोजच पाहते, पाटील. पगडी एवढ्या जवळून कधी पायली व्हती का?"

डब्याच्या मागच्या काचेत माणूस उलटं दिसायचं, पाय वर, डोस्कं खाली. न्हाव्याच्या बायकोनं एकदा डोकावून पायलं अन् सखाराम बायांना उलटं टांगते म्हणून गावभर केलं. नळी दिसली की बाया घोट्यापाशी लुगडं गच्च धरून पळायच्या. खुद भाऊजी एकदा मागं सरकत सरकत उकिरड्यात पडले. गळ्यापर्यंत आत, पण काच दोन्ही हातानं वर धरलेली.

बाजाराच्या दिवशी सारं गाव हिंगोलीकडं, अन् भाऊजी घोडी खांद्यावर घेऊन पैनगंगेकडं. इचारलं तर म्हणायचे, "बगळ्याचा फोटू काढून राहिलो." बगळा काही कधी घरी आला न्हाई.

एक दिवस भाकर घरीच विसरले, म्हणून मी घेऊन गेले. नदीच्या अलीकडं निजामाचं राज, पल्याड इंग्रजाचं. पल्याडच्या काठावर, जरा वरच्या अंगाला, तुळसाच्या सासरचा पाणवठा. भाऊजीचं डोस्कं काळ्या फडक्यात. एका हातानं तुळसाच्या आवडीची मूठभर बोरं नळीम्होरं धरलेली.

"हळू उतर बाई, शेवाळ हाय," फडक्यातून आवाज आला.

"भाऊजी, कोणाशी बोलून राहिले?"

"हळू! तिला ऐकू जाईन."

आमच्यात लेकीला लेकरू होईस्तोवर बाप तिच्या घरचं पाणी बी पीत न्हाई. भाऊजी एकदाच गेले व्हते, भर उन्हाळ्यात. तुळसा तांब्या घेऊन म्होरं आली. हे न्हाई म्हणले अन् कोरड्या तोंडानं माघारी आले. "तांब्या तसाच तिच्या हातात राहिला, वयनी," येवढंच बोलले. पुन्हा गेले न्हाईत. सासरचे तिला धाडत नव्हते, अन् मला बोलावत नव्हते.

"मंग फोटू काहून काढत न्हाई तिचा?"

भाऊजी फडक्यातून भाईर आले. खाली माती पाहात उभे राहिले.

"तुमी बघा आधी. बायामाणसानं बघायचं असते ते. बापानं कसं बघावं?"

मला उमगलं, पोरीला दिवस गेले का, ते. म्या फडक्यात डोस्कं घातलं.

तुळसा उलटी उभी व्हती. घागरीचं तोंड खाली, तरी थेंब सांडत नव्हता. हात वाळलेले. घागर उचलताना वठ दाताखाली धरायची खोड तशीच, ल्हानपणची. पदर सरला. पोट पाठीला लागलेलं. माझं पाहून झालं व्हतं, तरी म्या पाहातच राहिले, ती चढ चढून दिसेनाशी होईस्तोवर.

भाईर आले तं भाऊजी नदीकडं तोंड करून उभे.

"अजून न्हाई, भाऊजी."

"बरं." त्यांनी नळीला टोपी घातली. "हिवाळ्यात ऊन चांगलं राहते. तवा काढू फोटू."

मंग वाहाणा काढून काठाशी उकिडवे बसले. तुळसानं घागर बुडवली तिथलीच धार खाली आमच्या काठाला यून राहिली व्हती. भाऊजींनी ओंजळ भरली, प्याले. पुन्हा भरली.

"घरचं चालत न्हाई, वयनी. नदीचं चालते."

मी भाकर धरून लांबच उभी.

"म्होरं या," भाऊजी म्हणले. "अजून जवळ या. इथंच यून राहिलं ते पाणी."

मी त्यांच्या बाजूला बसले अन् प्याले.